राखण कशाची करायची? कुत्रा, मांजर आणि आमचा मराठवाडा

मागच्या दिवाळीनंतर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादानं एक पोल टाकला. ‘लातूरच्या घरी काय आणायचं?’ पर्याय दोनच: कुत्रा, मांजर. बाबा, दादा आणि लोह्याचा मामा कुत्र्याच्या बाजूनं. आई, वहिनी आणि मी मांजराच्या बाजूनं. तीन विरुद्ध तीन.

बाबा शाळेतून निवृत्त झालेत. दादा हैदराबादला, मी पुण्यात. लातूरच्या घरात आता दोनच माणसं उरलीत. घरात काहीतरी हलतं-बोलतं असावं, यावर सहाही जणांचं एकमत होतं. भांडण होतं ते काय आणायचं यावर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दोन पर्याय समोर आले की माझा हात आपोआप तक्ता बनवायला जातो. खर्च, वेळ, आवाज, केस, लस, गावाला गेल्यावर काय करायचं. असे तयार तक्ते इंटरनेटवर ढिगानं पडलेत आणि सगळ्यांचं सांगणं साधारण सारखंच: कुत्रा प्रेमळ, मांजर स्वतंत्र, तुमचा स्वभाव बघा आणि निवडा. पण आईला कारण विचारलं तर ती थेट १९७९ सालात गेली. बाबांना विचारलं तर ते १९९३ सालात. दोघांच्या मताला स्वभावापेक्षा इतिहास जास्त चिकटलेला होता. म्हणून मी तक्ता बंद केला आणि मागे मागे जाऊन वाचायला लागले.

शेतीच्या आधी, शेतीच्या नंतर

सुरुवात फार लांबून करावी लागते. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली एक दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत कुत्रा. वय सुमारे १४ हजार वर्षं. तेव्हा माणूस शेती करत नव्हता. शिकार करायचा, कंदमुळं गोळा करायचा आणि फिरत राहायचा. कुत्रा त्या फिरत्या माणसाला येऊन मिळाला.

मांजराची गोष्ट नंतरची. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाच्या जवळच मांजर पुरलेलं सापडलं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलेलं. तोवर पश्चिम आशियात शेती सुरू झाली होती. शेती आली म्हणजे धान्य साठलं, धान्य साठलं म्हणजे उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ते कोठाराला येऊन मिळालं.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. घर नव्हतं तेव्हापासून कुत्रा आपल्यासोबत आहे. मांजर आलं ते घर आणि कोठार झाल्यावर.

आपल्याकडचा पुरावा गोदावरीच्या खोऱ्यातच आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि तीच गोदावरी नांदेडला येते. १९७४ साली दायमाबादला एका शेतकऱ्याला खोदताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथात एक माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर, माणूस आणि बैलांच्या मधे, एक कुत्रा. बहुतेक अभ्यासक या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या. आजही गावाकडे बैलगाडीसोबत कुत्रं चालतं. फोटो पाहिला तेव्हा मला आधी आमच्या शेताची वाट आठवली.

माळेगावचा देव

आईचं माहेर लोहा तालुक्यात. तिथून माळेगाव जवळ. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून तिथं खंडोबाची यात्रा भरते. येळकोट येळकोट जय मल्हारचा गजर आणि भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. पण यात्रेचं दुसरं नाव बाजार. घोडे, उंट, गाढवं, बैल. नांदेड जिल्हा परिषद तिथं पशुप्रदर्शन भरवते आणि त्यात अश्व, कुक्कुट यांच्यासोबत श्वान प्रदर्शनही असतं. मामा न चुकता जातो. घेत काहीच नाही, नुसता बघून येतो.

खंडोबाच्या यात्रेत कुत्र्याला मान असणं हा योगायोग नाही. खंडोबा हा शिकारीचा, घोड्यावरचा देव आणि कुत्रा त्याच्या सोबत असतो. वाघ्या-मुरळीतले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानायचे. कोटंबा घेऊन वारी मागायची आणि काही ठिकाणी देवासमोर भुंकायचंसुद्धा. ‘कुत्र्या’ ही शिवी असलेल्या भाषेत माणसं देवाचं कुत्रं होण्याचा नवस करत होती.

याच नांदेड जिल्ह्यात माहूर आहे, दत्तशिखर आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असं सांगतात. शेजारच्या हिंगोलीत नर्सी नामदेव. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला बालवाडीपासून माहीत आहेत.

मांजराला देवळात एवढी जागा नाही. ते थेट बाळंतिणीच्या खोलीत आहे. बंगालात षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे. आपल्याकडे तिच्याच जातकुळीची सटवाई, पाचवीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी. कुत्र्याचे देव रानातले आणि डोंगरावरचे, मांजराची देवी मात्र घराच्या आतली.

समाधीचंही तसंच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून महाराजांना वाचवल्याची कथा त्याच्यामागे सांगतात. मांजराची समाधी मला अजून कुठं दिसलेली नाही. मांजराच्या वाट्याला म्हणी आल्या: डोळे मिटून दूध पिणारी, उंदराला साक्ष देणारी, गळ्यात घंटा कुणी बांधायची ती.

ससा आणि पश्मी

तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात एक प्रसंग आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी ससा पळवत आणला आणि तो चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. स्वामींनी तो दिला नाही. हा प्रसंग आपण अहिंसेसाठी वाचतो, पण त्यात आणखी एक माहिती दडली आहे. या पट्ट्यात सशामागे सोडायची कुत्री तेव्हाही होती.

तशी कुत्री अजून आहेत. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, काठीसारखे पाय. कारवानी म्हणा, पश्मी म्हणा. ‘पश्म’ म्हणजे फारसीत लोकर. कानाला आणि शेपटीला लांब केस असतात त्याला पश्मी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ही जात मध्य आशियाकडून आली असं सांगतात, म्हणून कारवान. लातूर जिल्ह्यातलं चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. तिकडे कर्नाटकात घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं याच कुळीच्या कुत्र्याला नाव मिळवून दिलं. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. पश्मी नव्हता. आमच्या भागानं लाल कंधारी आणि देवणी गाईचं नाव देशभर नेलं, कुत्र्याचं नाव मात्र शेजारच्या संस्थानानं नेलं.

शिकारी कुत्र्याचं काम कधी संपलं, याला वर्ष आहे: १९७२. त्या साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि सशाची पारध गुन्हा झाली. पश्मी शेतात राखणीला बसला. हजार वर्षं पळण्यासाठी घडवलेलं जनावर आता सोयाबीनच्या गंजीजवळ साखळीला असतं. कुणी शहरात फ्लॅटमध्ये पश्मी पाळायचं म्हणालं की मामा चिडतो. “त्याला पळायला रान लागतंय. तुम्ही त्याला लिफ्टमधी फिरवायलाव.”

मांजरं मोजणारा डॉक्टर

आता माझ्या पक्षाची बाजू. आजोळच्या जुन्या वाड्यात बळद होतं. भिंतीच्या आत धान्य साठवायची खोली, वरून तोंड. गावात जमिनीखाली पेवं होती. घरोघरी कणग्या होत्या. ज्वारी वर्षभर टिकवायची तर उंदरांपासून वाचवायलाच हवी, आणि ते काम मांजराचं. म्हणून जेवताना त्याला दूध-भाकरी टाकायची. पूर्ण पोट भरेल एवढी मात्र नाही. आज्जी म्हणायची, पोट भरलेलं मांजर उंदीर कशाला धरेल?

या साध्या व्यवहाराला एकदा मोठं महत्त्व आलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही दशकांत देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो, असं १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं. मुंबईतल्या प्लेग संशोधन आयोगानं १९०५ नंतर ते पक्कं केलं. तेव्हा विदर्भात अमरावतीला इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी गावोगावची मांजरं मोजायला घेतली. घरं किती, मांजरं किती, प्लेग किती. जिथं मांजरं जास्त तिथं प्लेग कमी, असं त्यांना दिसलं. १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. नावाचा अर्थच ‘प्लेग रोखणारी मांजरं’.

आज तो अभ्यास पुरेसा मानता येणार नाही. मांजर असलेलं गाव इतर बाबतींतही वेगळं असू शकतं आणि मांजराला स्वतःलाही प्लेग होतो. पण माझ्यातल्या इंजिनिअरला तो माणूस आवडला. सगळे लसीच्या आणि छावण्यांच्या वादात असताना तो घरोघरी विचारत होता, तुमच्याकडे मांजर आहे का?

हा प्रश्न आज सरकार विचारत नाही. १९१९ पासून आपल्याकडे पशुगणना होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळीपासून गाढव, उंट, हत्ती आणि सशापर्यंत सगळे मोजले. कुत्रेही मोजले. मांजर यादीतच नाही. मराठवाड्यात मांजरं किती, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

मोत्या आणि मनी

बाबांचं १९९३ साल इथं येतं.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र. किल्लारीचा भूकंप. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं ते घरच माणसांवर बसलं. नंतर ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली. आमचं गाव त्यातलंच.

मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आज्जी सांगायची ते असं. आमच्याकडे मोत्या नावाचं कुत्रं आणि मनी नावाचं मांजर होतं. दोन्ही वाचले. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये गेली तेव्हा मोत्या मागोमाग आला आणि पहिल्या रात्रीपासून शेडच्या दाराशी पडून राहिला. मनी आली नाही. दोनदा पोत्यात घालून आणली, दोन्ही वेळा परत ढिगाऱ्यावर गेली. आज्जी दिवसाआड जुन्या गावात जाऊन भाकरी-दूध ठेवायची. लोक म्हणायचे, म्हातारे, माणसं गेली आन् तू मांजराला काय बघायलीस. पुढच्या पावसाळ्यात मनी दिसेनाशी झाली.

“कुत्रं माणसाला धरून राहतंय, मांजर घराला,” बाबा म्हणतात. ते हे वाचून म्हणत नाहीत.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि देशभर घबराट उडाली. मामल्याचा दुवा अनेक अभ्यासकांनी भूकंपाशी जोडला आहे. भीतीनं लोक घरं सोडून बाहेर राहू लागले, धान्य आतच पडून राहिलं, रिकाम्या घरांत उंदीर वाढले. मुंबईच्या प्लेगनंतर शंभर वर्षांनी तीच साखळी: धान्य, उंदीर, पिसू, माणूस. मला मात्र हे वाचताना ढिगाऱ्यावर बसलेली मनीच दिसत राहिली. घर पडलं, माणसं गेली, तरी तिचं काम तिथंच होतं.

चौदा सुया

आणि आईचं १९७९ साल.

ती नऊ वर्षांची होती. विहिरीवरून येताना पिसाळलेलं कुत्रं पिंडरीला चावलं. तिला नांदेडला नेलं आणि पोटात चौदा सुया घेतल्या. रोज एक. आजोबा रोज एसटीनं न्यायचे-आणायचे. पोटावर गाठी यायच्या, त्याच्याच शेजारी पुढची सुई. ती लस डेव्हिड सेंपल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कसौलीत तयार केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता सुया दंडात घेतात, महिन्याभरात चार-पाच. जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, मग उशीर न करता दवाखाना गाठायचा. हे आईला अजून पाठ आहे.

माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळपास सगळा, म्हणजे ९९ टक्क्यांपर्यंत, कुत्र्यामुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी मांजराकडूनही तो होऊ शकतो. माझ्या तक्त्यात मांजराच्या रकान्यासमोर मी ‘धोका नाही’ लिहिलं होतं, ते चूक होतं. चावलं-ओरबाडलं तर सुया त्याच आणि पाळायचं तर लस दोघांनाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं भांडणही आजचं नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत भटकी कुत्री मारायच्या मोहिमेवरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. कुत्री मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण, हा नियम देशात २००१ साली आला आणि २०२३ साली नव्यानं झाला. २०२५ साली प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गाजला. जवळपास दोनशे वर्षं आपण हेच विचारतोय, की कुणाच्याच मालकीचा नसलेला कुत्रा कुणाची जबाबदारी?

मी आईला विचारलं, माळेगावच्या देवाची तू, मग कुत्र्यावर एवढा राग का? ती म्हणाली, “राग कशाचा? कुत्रं वाईट नव्हतं, माय. पिसाळलं होतं. त्याला वेळेवर कुणी सुई दिली असती तर मला चौदा घ्याव्या लागल्या नसत्या.”

पोलचा निकाल

एवढं सगळं वाचून मला एवढंच कळलं, की आमच्या भागात ‘कुत्रा आवडतो की मांजर’ हा प्रश्न फारसा कुणी विचारलाच नाही. प्रश्न असायचा, राखण कशाची करायची? बाहेर मेंढरं, शेत, वाट असेल तर कुत्रं. आत धान्य असेल तर मांजर. बहुतेक घरांत दोन्ही होतं आणि दोघांना आपापली कामं होती.

लातूरच्या आमच्या घरात आता राखायला काय आहे? ज्वारी किराणा दुकानातून पाच किलोच्या पिशवीत येते. शेत बटईनं दिलंय. दाराला सीसीटीव्ही आहे, जो मी पुण्यातून बघते. दोघांचीही जुनी कामं संपलीत. उरलीय ती सोबत.

आणि सोबत म्हटलं की बाबांचं वाक्य आठवतं. कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर घराला. मग मला सहा मतांचा अर्थ लागायला लागला.

दादा वर्षभर म्हणतोय, दोघंही हैदराबादला या, कायमचे. बाबा कधी नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत. एका रात्री फोनवर मी सरळ विचारलं, “बाबा, तुम्हाला कुत्रंच का पाहिजे?” थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कुत्रं असलं की दादाला सांगता येतं, त्याला सोडून कसं यावं. एकदा एक जागा सोडलो मी. आता नको वाटतंय.”

आईचं बरोबर उलटं होतं. तिला चार महिने नातीजवळ राहायचंय. मांजर शेजारच्या काकूंवर सोपवता येतं, कारण त्याला घर ओळखीचं असलं की पुरतं. म्हणजे आई-बाबा मत देत होते ते लातूर सोडायचं की नाही यावर. दादानं कुत्र्याच्या बाजूनं मत टाकलं तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो बराच वेळ ऑनलाइन दिसत राहिला, टाइप काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बाबांना फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही, पण ‘कायमचे’ हा शब्द त्यानंतर ग्रुपवर आला नाही.

पोल तीन-तीनवरच राहिला. जानेवारीत गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक बाबांनी आणलं. पश्मी नाही, साधं गावठी, तांबूस. आईची अट एकच होती, की तीन महिन्यांचं झालं की पहिली सुई, मग दरवर्षी, आणि तारीख ती बघणार. उन्हाळ्यात ती एकटी हैदराबादला गेली, महिनाभर. बाबा थांबले.

पिल्लाच्या लसीचं कार्ड आईनं रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलंय. नावाच्या जागी बाबांनी शाळामास्तरच्या अक्षरात लिहिलंय: मोत्या.